आधी सनस्क्रीन बघा, मग प्रायमर घ्या

तुळशीची लग्नं लागली की आपल्या घरांत बॅगा भरायला सुरुवात होते. कुणाची बॅग लग्नाची, कुणाची काशीची, आणि हल्ली बऱ्याच जणींची दोन्हींची मिळून एक. कार्तिकी पौर्णिमेला काशीत देवदिवाळी असते, पाठोपाठ लग्नसराई येते, आणि लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी थेट गंगेचे घाट गाठतात. या बॅगेत साडी, दागिने, औषधं यांच्या जोडीला एक छोटी ट्यूब हमखास असते. ती प्रायमरची. बहुतेकींनी ती निघायच्या आठवड्यात घेतलेली असते, कुणाच्या तरी सांगण्यावरून, आणि उघडायची असते ती थेट कार्यक्रमाच्या दिवशी.

सांगायचं आहे ते या ट्यूबबद्दल, आणि ते एकच आहे. प्रायमर एकटा निवडायचा नसतो. रोज तुम्ही कोणतं मॉइश्चरायझर आणि कोणतं सनस्क्रीन लावता ते आधी बघा. त्यांच्याशी जमेल तो प्रायमर घ्या. जमत नसेल तर घेऊ नका, काही अडत नाही.

घाटावरचं ऊन

बालाजी घाटाचं उदाहरण मुद्दाम घेते. हा घाट पंचगंगा घाटाला लागून आहे. इथल्याच बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षं सनईचा रियाज करत. जवळच मंगळागौरीचं देऊळ, त्यामुळे नव्या नवरीला घेऊन काशीला गेलेली मराठी माणसं या बाजूला वळतातच. पलीकडे दुर्गाघाट, ब्रह्माघाट. या वस्तीत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, त्यामुळे नातेवाईक किंवा ओळखीचं कुणीतरी भेटायचंही असतं. थोडक्यात, चेहरा नीट दिसावा असं वाटण्याची कारणं इथे पुष्कळ.

काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट तिच्या पश्चिम काठावर आहेत. पायऱ्यांवर उभं राहून नदीकडे तोंड केलं की आपण थेट पूर्वेला बघत असतो. समोरचा काठ रेतीचा, मोकळा. सूर्य वर आला की मध्ये आडोसा कसलाच नाही, वरून ऊन आणि खालून पाण्यावरची तिरीप. फोटोवाले पहाटे बोलावतात ते या उजेडासाठीच. पण हाच आडवा उजेड चेहऱ्यावरचं सगळं उघडं करतो. नाकाच्या कडेला साचलेलं फाउंडेशन, हनुवटीवरचे कोरडे पापुद्रे, आणि गालावर, कानाजवळ निघालेल्या पांढुरक्या बारीक सुरळ्या. हॉटेलच्या खोलीतल्या दिव्याखाली यातलं काहीच दिसलेलं नसतं.

त्या सुरळ्या पाहिल्या की आपण म्हणतो, प्रायमर खराब निघाला. क्वचित निघतोही. बहुतेक वेळा मात्र तो खालच्या सनस्क्रीनशी जमलेला नसतो, किंवा सनस्क्रीन बसायच्या आत वर चोळलेला असतो.

प्रायमर करतो काय

साडी नेसणारीला हे लगेच कळेल. सॅटिनच्या परकरावर सिल्कची साडी घसरत राहते, सुती परकरावर धरून बसते; पण जाड सुती परकर अंगासरशी साडीखाली फुगतो. परकर चांगला की वाईट हे साडी बघितल्याशिवाय सांगता येत नाही. प्रायमरचं तसंच आहे.

बाजारातले प्रायमर ढोबळमानाने दोन जातींचे. पहिली जात सिलिकोनची. बोटावर घेतला की मखमली, गुळगुळीत लागतो, रंध्रांच्या खळग्यांत बसतो आणि वरचा पृष्ठभाग सपाट दाखवतो. तेलकट त्वचेला, मोठी रंध्रं असलेल्या नाकाला, उकाड्यात हा बरा. दुसरी जात पाण्याची किंवा जेलची. यात ग्लिसरीन, हायलुरॉनिक अ‍ॅसिड असं ओल धरणारं काहीतरी असतं, बोटाला किंचित चिकट लागतो आणि त्या चिकटपणामुळेच वरचा मेकअप धरून ठेवतो. कोरड्या त्वचेला, थंडीत हा बरा.

दोन्हींपैकी कुठलाही प्रायमर त्वचा सुधारत नाही, डाग घालवत नाही. डब्यावर नियासिनामाइड किंवा व्हिटॅमिन सी लिहिलेलं असलं तरी तो लावायचा मेकअप टिकावा म्हणून. त्वचेची काळजी खालच्या थरांनी घ्यायची. आणि ‘एसपीएफ ३०’ लिहिलेला प्रायमर सनस्क्रीनच्या जागी चालत नाही. डब्यावरचा आकडा ठरतो तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या हिशेबाने लावून. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीभर सनस्क्रीन लागतं. प्रायमर आपण लावतो वाटाण्याएवढा. त्यातून ३० काय, त्याच्या जवळपासही संरक्षण मिळत नाही.

डब्याची मागची बाजू

पुढची बाजू जाहिरात असते, माहिती मागे असते. आपल्याकडे २०२० चे कॉस्मेटिक्स नियम लागू आहेत. त्यांनुसार घटकांची यादी छापावी लागते, आणि एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. म्हणजे पहिली पाच-सहा नावं वाचली तरी मालाचा अंदाज येतो. ‘कोन’ किंवा ‘सिलोक्सेन’ असा शेवट असलेली नावं, उदाहरणार्थ डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलोक्सेन, वर-वर दिसली की तो सिलिकोनचा. ती नसून पाणी, ग्लिसरीन, ग्लायकॉल अशी नावं असली की तो पाण्याचा.

इथे एक फसगत होते. यादीत पहिलं नाव ‘वॉटर’ दिसलं की लोक पाण्याचा प्रायमर समजतात. पुष्कळ सिलिकोनच्या क्रीममध्येही पाणी पहिलं असतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या नावाला डायमेथिकोन असतं. तेव्हा एका नावावर थांबू नका. आणि हीच यादी आपल्या सनस्क्रीनच्या डब्यावरही वाचा. आपल्याकडे मिळणाऱ्या ‘मॅट’ आणि ‘जेल’ सनस्क्रीनपैकी बऱ्याच सनस्क्रीनमध्ये सिलिकोन भरपूर असतं.

सर्वसाधारण नियम असा की सिलिकोनवर सिलिकोन आणि पाण्यावर पाणी. सनस्क्रीन, प्रायमर, फाउंडेशन हे तिन्ही एका जातीचे असले की भांडण कमी. तरीही हा नियम शंभर टक्के नाही, कारण जाडी आणण्यासाठी घातलेले डिंकासारखे घटक, अभ्रक, सिलिका, झिंक ऑक्साइड यांचंही एकमेकांशी जमावं लागतं. म्हणून शेवटचा शब्द यादीचा नाही, हाताचा.

दुकानात जाताना घरून सनस्क्रीन लावून जा, मनगटापासून बोटांपर्यंत हाताच्या मागच्या बाजूलाही. दुकानात पोहोचेपर्यंत ते बसलेलं असतं. तिथल्या टेस्टरमधला प्रायमर मुगाएवढा घ्या आणि त्यावर दाबून पसरवा. दोन-तीन मिनिटं थांबा, दुसऱ्या वस्तू बघा. मग त्यावर आपल्या फाउंडेशनचा ठिपका पसरवा आणि बोटाने हलकेच चोळा. खोडरबर घासल्यावर पडतो तसा चुरा निघाला तर तो प्रायमर तुमचा नाही. फाउंडेशनचे थेंब-थेंब होऊन ते पसरेनासं झालं तरी नाही. एकसारखं बसलं तर घ्या, मग तो दोनशेचा असो की दोन हजारांचा. विक्रेती म्हणेल, ‘मॅडम, चेहऱ्यावर असं होत नाही.’ होतं.

लावायचं कसं

क्रम साधा आहे. चेहरा धुवा, टिपून घ्या, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, प्रायमर, मग फाउंडेशन. बिघडतं ते क्रमात कमी आणि घाईत जास्त.

मॉइश्चरायझर नेहमीपेक्षा कमी लावा आणि चार-पाच मिनिटं जाऊ द्या. चेहऱ्याचं तेल आवडत असेल तर ते रात्री. सकाळी प्रायमरखाली नको, सगळं घसरतं. सनस्क्रीन मात्र पूर्ण मापात, एकदम थापण्यापेक्षा दोन पातळ थरांत, आणि त्यानंतर पंधरा मिनिटं चेहऱ्याला हात नाही. या वेळात केस करा, निऱ्या घाला, बांगड्या भरा. तयारीचं वेळापत्रकच असं लावा की सनस्क्रीनला पंधरा मिनिटं आपोआप मिळतील.

मग प्रायमर. वाटाण्याएवढा, आणि तोही सगळीकडे नाही. सिलिकोनचा असेल तर नाकाच्या दोन्ही बाजू, गालांचा नाकाजवळचा भाग, हनुवटी. तिथेच रंध्रं दिसतात, तिथेच तेल सुटतं. जेलचा असेल तर गालांवर, जिथे मेकअप लवकर उडतो. डोळ्यांखाली नावापुरता. बोटाने दाबत जा, चोळू नका. चोळलं की खालचं सनस्क्रीन उचललं जातं. मग सुरळ्याही निघतात आणि संरक्षणही जातं. दोन मिनिटांनी फाउंडेशन पातळ, ओलसर स्पंजने टिपत.

घाटावर दोन-अडीच तास झाले की सनस्क्रीन पुन्हा लागतं, आणि मेकअपवरून ते लावणं अवघडच. टिशूने तेल टिपून घ्या आणि सनस्क्रीनची स्टिक किंवा कुशन दाबून लावा. पावडरवर भिस्त ठेवू नका, ती पुरेशी लागत नाही. सगळ्यांत उत्तम म्हणजे फोटो झाला की छत्री उघडा किंवा पदर डोक्यावरून घ्या. ज्यांना वांग आहे त्यांनी हे विशेष मनावर घ्यावं. वांगाला अतिनील किरणांबरोबर साधा उजेडही चालत नाही, म्हणून त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन त्यांना जास्त उपयोगी. ते चेहऱ्याला रंगही देतं, आणि बऱ्याचदा मग प्रायमर आणि फाउंडेशन दोन्ही वाचतात.

ऋतू बघा

काशीची हवा टोकाची. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दाट धुकं, हवा गार, त्वचा तडतडणारी. मुंबईत सहा महिने साथ दिलेला मॅट प्रायमर तिथे गालावर खडूसारखा दिसतो. तेव्हा मॉइश्चरायझर जरा जाड आणि प्रायमर जेलचा, किंवा प्रायमर नाहीच. मे-जूनमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, लू वाहते. तेव्हा थर जितके कमी तितकं बरं. श्रावणात मंगळागौरीसाठी गेलात तर उकाडा आणि घाम दोन्ही, पायऱ्याही पुष्कळशा पाण्याखाली. त्या दिवसांत सिलिकोनचा पातळ प्रायमर फक्त नाकावर आणि हनुवटीवर पुरतो.

देवदिवाळीची गोष्ट आणखी वेगळी. तिथे फोटो रात्रीचे, पणत्यांच्या आणि फ्लॅशच्या उजेडात. तेल शोषणाऱ्या प्रायमरमध्ये आणि पावडरींमध्ये सिलिका असते. फ्लॅश पडला की ती उजेड परत फेकते आणि चेहरा मानेपेक्षा पांढराफटक येतो. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीनही तसंच करतं. संध्याकाळी ऊन नसतं, त्यामुळे सनस्क्रीनची गरजही नसते. निघण्याआधी खोलीत दिवे घालवून फ्लॅशने एक फोटो काढून बघा, म्हणजे उलगडा होईल.

नवरीसाठी वेगळं

मराठी नवरीच्या चेहऱ्यावर जे चढतं ते प्रायमर बनवणाऱ्यांच्या हिशेबात नसतं, म्हणून हे लक्षात ठेवा. चापाची नथ असेल तर त्या नाकपुडीवर प्रायमर लावू नका. सिलिकोनवरून चाप घसरतो आणि अंतरपाट धरलेला असताना नवरी नथ सावरत बसते. कपाळाच्या मध्यावर, टिकली किंवा चंद्रकोर येते तिथेही प्रायमर नको. गोंद धरत नाही. मुंडावळ्यांच्या सरी कानशिलांवरून गालांवर सारख्या घासत असतात. तिथे थर जितका जाड तितका तो पट्ट्यापट्ट्यांनी निघतो, म्हणून कानशिलाला फाउंडेशन अगदी पातळ.

हळद आदल्या दिवशी लागली असेल तर चेहरा पिवळा राहणारच. तो घालवायला लिंबू चोळू नका. लिंबाचा रस त्वचेवर राहून ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात. बेसनाने खसाखसा घासूही नका. थोडं तेल लावून पुसा, मग सौम्य फेसवॉश. उरलेला पिवळेपणा फाउंडेशनखाली झाकला जातो. घासून सोललेली त्वचा कोणत्याही प्रायमरखाली झाकली जात नाही. वरच्या ओठाचं थ्रेडिंग दोन दिवस आधी, फेशियल किमान आठवडाभर आधी. रेटिनॉल किंवा अ‍ॅसिडवालं सीरम महिनाभर आधी नव्याने सुरू करू नका. पूर्वीपासून लावत असाल तर कार्यक्रमाच्या चार-पाच दिवस आधी थांबवा. डॉक्टरांनी दिलेलं असेल तर त्यांना विचारून.

आणि ‘आठ दिवसांत उजळ’ म्हणून मिळणारी, घटक न लिहिलेली डबी कुणी दिली तर घेऊ नका. अशा क्रीममध्ये बरेचदा स्टिरॉइड असतं. स्टिरॉइडची मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, ती उगाच नाही. सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो, बंद केलं की लाल होऊन पुटकुळ्यांनी भरतो.

मेकअप करणारीला स्वतःचं सनस्क्रीन दाखवा आणि तिच्या प्रायमरशी जमतं का ते तिच्याकडूनच तुमच्या हातावर बघून घ्या. डबीत बोट न घालता चमच्याने काढून पॅलेटवर घ्यायला सांगा, स्पंज आपला न्या. यात संकोच कसला?

काढणंही लावण्याइतकंच

सिलिकोनचा प्रायमर नुसत्या फेसवॉशने पूर्ण निघत नाही. आधी क्लेन्झिंग ऑइल किंवा मायसेलर वॉटरने पुसा, मग चेहरा धुवा, मग मॉइश्चरायझर. दमून आलात म्हणून तसंच झोपलात तर दुसऱ्या दिवशी पुटकुळ्या दिसतील, आणि बोल मात्र काशीच्या पाण्याला लागेल. वाइप्स, कापसाचे बोळे, स्पंज घाटावर टाकू नका, नदीत तर मुळीच नाही. बहुतेक वाइप्समध्ये प्लास्टिकचे धागे असतात, ते कुजत नाहीत. पिशवीत घाला आणि खोलीवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाका. अंघोळीला गंगेत उतरणार असाल तर मेकअप अंघोळीनंतर करा; अंगावरची क्रीमं नदीत सोडण्यात कसलं पुण्य आहे?

आता काम तुमचं. निघायला अजून पंधरा दिवस असतील तर एक रविवार काढा. आधी कानामागे थोडा प्रायमर लावून दिवसभर ठेवा; खाज किंवा लाली आली तर गोष्ट तिथेच संपली. नाही आली तर दुसऱ्या दिवशी नेहमीचं मॉइश्चरायझर, नेहमीचं सनस्क्रीन, आणि प्रायमर फक्त उजव्या गालावर. फाउंडेशन दोन्हींकडे सारखं. स्वयंपाक करा, बाजारात जाऊन या, जेवा. पाच-सहा तासांनी गॅलरीत जाऊन उन्हाकडे तोंड करा आणि घरातल्या कुणालातरी, शक्यतो खरं बोलणाऱ्या माणसाला, विचारा की कोणती बाजू बरी दिसते. उजवी म्हणाले तर ट्यूब बॅगेत घाला. सांगता येत नाही म्हणाले, तर ट्यूब घरीच ठेवा आणि त्या पैशांत एक चांगलं सनस्क्रीन घ्या.